धुराड्याची काजळी

(पर्सिव्हल पॉट हे अठराव्या शतकातील प्रसिद्ध इंग्रज शल्यचिकित्सक होते. माणसाच्या भोवतालच्या एखाद्या पदार्थामुळे कर्करोग होऊ शकतो, ही गोष्ट त्यांनी जगाच्या नजरेस आणून दिली. त्यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.)

इ. स. १७५६ च्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. लंडन शहरात कडाक्याची थंडी पडली होती. शहराच्या दक्षिणेकडील एका रस्त्यावरून एक डॉक्टर घोड्यावर बसून चालले होते. एकाएकी घोड्याने त्यांना खाली पाडले. त्यांच्या पायाचे हाड मोडले आणि कातडी फाडून बाहेर आले.

आसपासचे लोक धावत आले. त्यांनी डॉक्टरांना उचलून गाडीत घालण्याची तयारी केली. पण डॉक्टरांनी कोणालाही हात लावू दिला नाही. गाडीच्या हिसक्यांनी मोडलेले हाड आणखी हलेल आणि पाय कायमचा जाईल, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी वेस्टमिन्स्टर भागातून मेणा उचलणारे दोन भोई बोलावले आणि येताना मेण्याचे लांब दांडे आणण्यास सांगितले. भोई येईपर्यंत ते त्या गारठलेल्या रस्त्यावर तसेच पडून राहिले. वेदना असह्य होत्या, पण डोके शांत होते. तेवढ्या वेळात त्यांनी जवळचेच एक लाकडी दार विकत घेतले. भोई आल्यावर त्या दाराला दांडे खिळ्यांनी ठोकून घेतले. मग त्यावर आडवे होऊन ते नदीवरील पूल ओलांडून आपल्या घरी पोहोचले.

हे डॉक्टर म्हणजेच पर्सिव्हल पॉट.

पर्सिव्हलचा जन्म ६ जानेवारी १७१४ रोजी लंडन येथे झाला. तो लहान असतानाच त्याचे वडील वारले. घरची परिस्थिती बेताची होती. एका नातेवाईक धर्मगुरूंनी या मायलेकरांना आधार दिला. मुलाने मोठेपणी धर्मगुरू व्हावे, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. पण पर्सिव्हलचे मन शस्त्रक्रियेच्या विद्येकडे ओढ घेत होते. अखेर वयाच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे १७२९ मध्ये, तो एडवर्ड नॉर्स या नामांकित शल्यचिकित्सकाचा शागीर्द झाला. नॉर्स हे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात काम करीत. हे रुग्णालय फार जुने, ११२३ साली स्थापन झालेले आहे.

त्या काळी शस्त्रक्रिया करणाऱ्यांना आजच्यासारखा मान नव्हता. इंग्लंडमध्ये न्हावी आणि शल्यचिकित्सक यांचा संघ एकच होता. तो १७४५ मध्ये वेगळा झाला. रोग्याला बेशुद्ध करण्याचे औषध तेव्हा कोणालाही माहीत नव्हते. जंतूंमुळे जखमा चिघळतात, हेही माहीत नव्हते. जखमेवर तापलेल्या लोखंडाचा डाग देत किंवा कातडी जाळणारी औषधे लावत. रोगापेक्षा इलाजच भयंकर वाटावा, अशी स्थिती होती.

पर्सिव्हलने सात वर्षे मन लावून अभ्यास केला. गुरूंच्या व्याख्यानांसाठी मृत शरीराची चिरफाड करून ठेवण्याचे काम त्याच्याकडे असे. या कामामुळे शरीराची रचना त्याला चांगली समजली. १७३६ मध्ये तो परीक्षा उत्तीर्ण झाला आणि स्वतंत्रपणे काम करू लागला. पुढे १७४९ मध्ये ज्या रुग्णालयात ते शिकले, तेथेच पॉट यांची मुख्य शल्यचिकित्सकांपैकी एक म्हणून नेमणूक झाली.

अपघात झाला तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. घरी आल्यावर इतर डॉक्टर जमले. हाड कातडीबाहेर आले होते. अशा वेळी पाय कापून टाकणे हाच त्या काळचा नियम होता. पॉट यांनीही तो मान्य केला. शस्त्रे मांडून ठेवण्यात आली. इतक्यात त्यांचे गुरू नॉर्स आले. त्यांनी पाय नीट तपासला आणि तो वाचू शकेल असे सांगितले. पाय कापणे थांबले. हाड हळूहळू जुळले आणि पॉट पुन्हा चालू लागले.

अंथरुणावर पडून असताना त्यांनी वेळ वाया घालवला नाही. तोपर्यंत त्यांनी फारसे लिहिले नव्हते. या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी एक वैद्यकीय ग्रंथ लिहायला घेतला आणि त्याच वर्षी तो प्रसिद्ध केला. मग त्यांची लेखणी थांबली नाही. मोडलेल्या हाडांवर उपचार कसे करावेत, यावर त्यांनी १७६८ मध्ये एक उत्तम पुस्तक लिहिले. पाठीच्या कण्याच्या एका आजाराचे त्यांनी १७७९ मध्ये इतके अचूक वर्णन केले, की आजही कण्याच्या क्षयरोगाला त्यांच्या नावाने ओळखतात. डाग देण्याची आणि कातडी जाळण्याची क्रूर पद्धत कमी करण्यासाठीही त्यांनी पुष्कळ प्रयत्न केले. वेदना म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

परंतु त्यांच्या ज्या कामामुळे पुढे लाखो लोकांचे भले झाले, ते काम अगदी गरीब मुलांशी संबंधित होते.

१६६६ साली लंडनमध्ये मोठी आग लागली होती. तीत शहराचा मोठा भाग जळून गेला. त्यानंतर नवी घरे उभी राहिली. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून घराघरांत शेगड्या असत आणि त्यांत दगडी कोळसा जाळत. धूर बाहेर जाण्यासाठी भिंतीतून छपरापर्यंत धुराडी बांधलेली असत. ही धुराडी अरुंद आणि वेडीवाकडी होती. काहींची रुंदी तर जेमतेम नऊ इंच होती. त्यांच्या आत काजळीचे थर जमत. काजळी वेळेवर काढली नाही तर ती पेट घेई आणि घराला आग लागे.

एवढ्या अरुंद जागेत मोठा माणूस शिरणार कसा? म्हणून लहान मुलांना आत चढवत. पाच-सहा वर्षांची पोरकी किंवा गरीब घरची मुले या कामाला जुंपली जात. कोपर आणि गुडघे भिंतीला टेकवत ती अंधारात वर चढत आणि ब्रशाने काजळी खाली पाडत. कोपर व गुडघे सोलून निघत. कातडी घट्ट व्हावी म्हणून त्यांवर मिठाचे पाणी चोळत. काही मुले आतच अडकून गुदमरत. रात्री ही मुले काजळीच्या पोत्यांवरच झोपत आणि तीच पोती अंगावर पांघरत. आंघोळ त्यांना क्वचितच मिळे. आठवडेच्या आठवडे काजळी अंगाला चिकटून राही. घामाबरोबर ती कातडीच्या घड्यांत जाऊन बसे.

ही मुले वाढली, की त्यांतील काहींना एक विचित्र आजार होई. मांड्यांच्या सांध्याजवळील नाजूक कातडीवर आधी मसासारखा फोड येई. मग त्याची जखम होई. ती बरी न होता पसरत जाई आणि शेवटी रोगी तळमळून मरे. धुराडी साफ करणारे लोक या फोडाला काजळीचा मस म्हणत. पण डॉक्टरांची समजूत निराळी होती. हा रोग वाईट चालीमुळे होतो, असे ते मानत. ते रोग्याला दोष देत आणि पाऱ्याची औषधे देत. त्या औषधांनी गुण तर येत नसेच, उलट अपाय होई.

असे रोगी पॉट यांच्याकडेही येत. पॉट यांनी रोग्यांना दोष दिला नाही. त्यांनी त्यांना नीट तपासले. त्यांच्या धंद्याची आणि राहणीची माहिती घेतली. हा विशिष्ट रोग इतर लोकांत न दिसता धुराडी साफ करणाऱ्यांतच का दिसतो, याचा त्यांनी विचार केला. या सर्वांमध्ये एकच गोष्ट समान होती. ती म्हणजे कातडीच्या घड्यांत वर्षानुवर्षे साचून राहिलेली काजळी. हा रोग म्हणजे कर्करोग आहे आणि त्याचे मूळ काजळीत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १७७५ मध्ये त्यांनी हे आपल्या एका पुस्तकात लिहिले. लेख अवघ्या काही पानांचा होता. त्यात त्यांनी या मुलांच्या हालांचेही वर्णन केले आहे. थंडी, भूक, मारहाण आणि शेवटी हा रोग, असे या मुलांचे दुर्दैव त्यांनी वाचकांपुढे मांडले. फोड लहान असतानाच तो कापून काढला तर रोगी वाचण्याची आशा असते, उशीर झाला तर इलाज चालत नाही, हेही त्यांनी सांगितले.

पॉट यांच्या या निरीक्षणात तीन मोठ्या गोष्टी होत्या. पहिली अशी, की कर्करोगाला बाहेरचे कारण असू शकते. तो नशिबाचा खेळ नाही किंवा कोणाच्या पापाची शिक्षा नाही. दुसरी अशी, की कारण आणि रोग यांच्यात अनेक वर्षांचे अंतर असते. काजळी बालपणी अंगाला लागते आणि रोग तरुणपणी किंवा त्यानंतर दिसतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कारण समजले, की ते दूर करून रोगच टाळता येतो. ही तिसरी गोष्ट पॉट यांनी स्वतः सविस्तर लिहिली नाही. पण तिचा दरवाजा त्यांनी उघडून दिला.

१७८७ मध्ये पॉट यांनी रुग्णालयाचे काम सोडले. विद्यार्थी म्हणून आले तेव्हापासून त्यांनी तेथे सुमारे अर्धे शतक काढले होते. जॉन हंटर यांच्यासारखे थोर शल्यचिकित्सक त्यांच्या हाताखाली शिकून गेले होते. पुढच्या वर्षी डिसेंबर महिन्यात लंडनपासून सुमारे वीस मैलांवर असलेल्या एका रोग्याला पाहण्यासाठी ते गेले. हवा अतिशय थंड होती. त्यांना थंडी बाधली आणि ते आजारी पडले. २२ डिसेंबर १७८८ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्याच्या शेवटच्या दिवसांपर्यंत ते रोग्यांची सेवा करीत राहिले.

त्याच १७८८ साली इंग्लंडमध्ये एक कायदा झाला. आठ वर्षांखालील मुलांना या कामावर ठेवू नये आणि मुलांना आठवड्यातून एकदा तरी स्वच्छ आंघोळ घालावी, असे त्यात म्हटले होते. पण कायदा कागदावरच राहिला. त्याची तपासणी करणारे कोणी नव्हते. नंतर १८३४, १८४० आणि १८६४ मध्ये आणखी कायदे झाले. १८७५ मध्ये धुराड्यात अडकून एका मुलाचा मृत्यू झाला, तेव्हा लोक हळहळले. त्याच वर्षी कडक कायदा झाला आणि मुलांना धुराड्यात चढवणे खऱ्या अर्थाने बंद झाले. पॉट यांच्या लेखानंतर त्यासाठी शंभर वर्षे लागली.

याच काळात युरोपातील इतर देशांमध्ये मात्र हा रोग फार थोड्या लोकांना होत असे. असे का व्हावे? सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातीलच हेन्री बटलिन या शल्यचिकित्सकांनी या प्रश्नाचा अभ्यास केला आणि १८९२ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. जर्मनीसारख्या देशांत धुराडी साफ करणारे लोक अंगभर घट्ट कपडे घालत आणि काम संपल्यावर रोज अंग धूत. काजळी तीच, काम तेच, पण त्यांना रोग क्वचितच होई. साधे पाणी, साबण आणि अंगभर कपडे यांनी जे साधले, ते मोठमोठ्या औषधांना साधले नव्हते.

काजळीतील दोषी पदार्थ कोणता, हे समजायला आणखी काळ गेला. १९१५ मध्ये जपानचे यामागिवा आणि इचिकावा या दोन शास्त्रज्ञांनी सशांच्या कानांना कित्येक महिने डांबर लावले आणि तेथे कर्करोग उत्पन्न झाल्याचे दाखवून दिले. मग १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी डांबरातून बेंझोपायरीन नावाचा पदार्थ वेगळा काढला. हा पदार्थ कर्करोग उत्पन्न करतो. तो काजळीत असतो आणि बिडी-सिगारेटच्या धुरातही असतो. म्हणजे धुराड्यातील मुलांच्या अंगाला नाइलाजाने लागणारे विष धूम्रपान करणारा माणूस पैसे देऊन आपल्या छातीत भरून घेतो.

आपल्या मुंबईतही पॉट यांच्यासारखीच दृष्टी असलेले एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. मुंबईत १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेत डॉ. खानोलकरांनी भारतातील कर्करोगाचा अभ्यास केला. लोक काय खातात, काय चघळतात, कपडे कसे नेसतात, याची त्यांनी बारकाईने नोंद घेतली. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग इतका का आढळतो, याचे उत्तर त्यांना लोकांच्या सवयींत मिळाले. तंबाखू चघळण्याची आणि ती गालात धरून ठेवण्याची सवय हे त्याचे एक मोठे कारण होते. नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते, हेही पुढे सिद्ध झाले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती याच कारणासाठी.

विद्यार्थी मित्रांनो, धुराड्यातील त्या मुलांना निवड करता येत नव्हती. तुम्हांला ती करता येते. कोणी आग्रहाने सुपारी, मावा किंवा सिगारेट पुढे केली, तर ती नाकारण्याचे बळ तुमच्या अंगी असले पाहिजे. एकदा घेतल्याने काय होते, असे वाटते. पण रोग आज दिसत नाही, तो वीस-तीस वर्षांनी दिसतो. काजळीने हेच शिकवले आहे. कर्करोगाप्रमाणे मधुमेह आणि हृदयविकार हेही हळूहळू, वर्षानुवर्षांच्या सवयींतून वाढतात. रोज खेळणे, चालणे, भाजी, फळे आणि डाळी खाणे, गोड व तळलेले पदार्थ बेताने खाणे, स्वयंपाकघरातील धूर बाहेर जाईल अशी सोय करणे, या गोष्टी साध्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तीस ते पन्नास टक्के कर्करोग अशा खबरदारीने टाळता येतात.

सगळेच कर्करोग मात्र टाळता येत नाहीत. चांगल्या सवयींच्या माणसालाही तो होऊ शकतो. म्हणून कोणी आजारी पडले तर त्याला दोष देऊ नये. त्याला लवकर डॉक्टरांकडे न्यावे आणि धीर द्यावा. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर ती लपवून ठेवू नये. वेळेवर केलेला इलाज जीव वाचवतो.

रस्त्यावर पडलेल्या पॉट यांनी वेदना होत असतानाही घाई केली नाही. त्यांनी विचार केला आणि आपला पाय वाचवला. तोच शांत विचार त्यांनी गरीब मुलांच्या रोगाबाबत केला. त्यांनी रोगी पाहिला, त्याची राहणी पाहिली आणि रोगाचे मूळ शोधले. रोग झाल्यावर तो बरा करणारे डॉक्टर थोर असतातच. पण रोग होऊच नये म्हणून वाट दाखवणाऱ्यांचे उपकार त्याहून मोठे असतात. पर्सिव्हल पॉट हे अशी वाट दाखवणाऱ्यांपैकी एक होते.

शब्दार्थ

शल्यचिकित्सक – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर
मेणा – माणसांनी खांद्यावर वाहून नेण्याचे बंद वाहन
भोई – मेणा किंवा पालखी वाहणारा
धुराडे – धूर बाहेर जाण्यासाठी बांधलेली नळी
काजळी – धुराचा साचलेला काळा थर
जुंपणे – कामाला लावणे
निष्कर्ष – विचार करून काढलेला निर्णय
खबरदारी – काळजी, सावधगिरी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पॉट कोणाचे शागीर्द होते?
(आ) धुराडी साफ करणारे लोक फोडाला काय म्हणत?
(इ) बेंझोपायरीन कशाकशांत असते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पॉट यांनी लोकांना आपल्याला गाडीत घालू दिले नाही.
(आ) धुराड्यात लहान मुलांना चढवत.
(इ) जर्मनीत हा रोग क्वचितच होई.

प्र. ३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पॉट यांच्या निरीक्षणातील तीन मोठ्या गोष्टी कोणत्या?
(आ) १७८८ च्या कायद्याचा उपयोग का झाला नाही?

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
वेळ वाया घालवणे, दोष देणे, धीर देणे.

प्र. ५. तंबाखू सोडण्याविषयी आपल्या काकांना मराठीत एक पत्र लिहा.